परवान्याचं बघून घेऊ

एका जंगलात शाळा होती.

हसू नका. तुमच्या शाळेत जंगल असतं तेव्हा मी हसतो का? तर शाळा होती. एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली ती भरायची. मोहाची फुलं गळायला लागली की मास्तरांना झोप यायची आणि मुलांना सुट्टी मिळायची. एकूण शाळा चांगली होती.

शाळा चालवायला एक संस्था होती. संस्था म्हटली की अध्यक्ष आलेच. अध्यक्ष होते दादासाहेब रानडुक्कर. त्यांनी शाळा आतून कधी पाहिली नव्हती. पण झाडाखालच्या शाळेला आत असं काही नसतंच, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. मुख्याध्यापक होते शिंगाडे सर. ते सांबर होते. त्यांची शिंगं एवढी मोठी आणि जड होती, की मान सदा खाली असायची. लोकांना वाटायचं, सर फार नम्र आहेत.

या जंगलाला दर उन्हाळ्यात वणवा लागायचा. वणवा लागला की सगळे नदी ओलांडून पलीकडच्या बेटावर जायचे आणि राख थंड झाली की परत यायचे. नदीवर अर्जुनाचं एक भलंमोठं झाड आडवं पडलेलं होतं. आजोबा-पणजोबांच्या काळापासून सगळे त्याच्यावरून जात. त्यामुळे झालं काय, की पोहायचं कसं हेच जंगल विसरून गेलं. पायाखाली झाड असताना पाण्यात कशाला उतरायचं?

मागल्या पावसाळ्यात पूर आला आणि ते झाड वाहून गेलं.

आता उन्हाळ्यात काय करायचं? संस्थेची बैठक बसली. मुलांना पोहायला शिकवायचं ठरलं. मुलांना आलं की मुलं मोठ्यांना शिकवतील, असा हिशेब होता. नदीत एक पाणमांजर राहत होतं. ते बैठकीला आलं आणि म्हणालं, "मी शिकवतो की."

"तू?" दादासाहेब म्हणाले. "अरं, पण तू तर इथलंच!"

पाणमांजर परत नदीत गेलं. विषय संपला.

कारण शेजारच्या जंगलातल्या शाळेत एक परदेशी करकोचा कवायत शिकवत होता. एका पायावर उभं राहायचं, एवढीच कवायत. पण करकोचा परदेशी होता. त्यामुळे त्या शाळेत प्रवेशासाठी रांगा लागत. दादासाहेबांना ते फार दिवस सलत होतं.

मग शिंगाडे सरांनी डोंगरापलीकडच्या तळ्याकडे एका बगळ्याबरोबर निरोप पाठवला. "आमच्या शाळेला पोहण्याच्या शिक्षिका हव्या आहेत. राहायला जागा देऊ. खायला गोगलगाई देऊ. परवान्याचं बघून घेऊ."

त्या तळ्यात एक बदकीण होती. तिचं नाव तळेकरबाई. तळं दरवर्षी आटत चाललं होतं, आणि उरलेल्या डबक्यात बाईंची म्हातारी आई होती. बाईंनी विचार केला, आपण चार महिने बाहेर काढले तर डबक्यातलं सगळं आईला पुरेल. त्यांनी आईच्या पंखाखाली डोकं घातलं, थोडं रडून घेतलं आणि निघाल्या. त्यांच्या पंखांना दुखणं होतं, म्हणून सगळा डोंगर चालत ओलांडला.

"परवान्याचं बघून घेऊ" हे वाक्य त्यांना खरं वाटलं. त्या भोळ्या होत्या. तुम्हांला असं वाक्य कुणी ऐकवलं, तर आधी दप्तर उचला आणि घरी या.

*

आता परवाना म्हणजे काय ते सांगतो. नीट ऐका, याच्यावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे.

त्या जंगलाचा राजा होता वाघ. सगळे त्याला महाराज म्हणत. बाहेरून आलेल्या कुणाला तिथं काम करायचं असेल, तर महाराज एकदा आपली मान त्याच्या पाठीला घासत. मग त्याच्या अंगाला महाराजांचा वास लागे. हा वास म्हणजेच परवाना. वास असला की त्या परक्याला कुणी खायचं नाही. वास नसताना काम करताना सापडला, तर कुणीही खावं. कायदाच होता तसा.

पाहुण्यांना मात्र हा कायदा नव्हता. पाहुण्याला खायचं नाही, हा त्या जंगलाचा संस्कार होता आणि त्याचा सगळ्यांना अभिमान होता. पाहुणा कामाला लागला, की तो पाहुणा राहत नसे.

आणि परवान्याला फी होती. एक ताजी मांडी. कुणाची, ते कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

तळेकरबाई आल्या त्या दिवशी शाळेत मोठा समारंभ झाला. मुलांनी स्वागतगीत म्हटलं. बाईंना पानांचा हार घातला. दादासाहेबांनी भाषण केलं, की आज आपली शाळा आंतरजंगलीय झाली. बाईंनी हार उतरवला आणि हळूच शिंगाडे सरांना विचारलं, "सर, तो परवाना?"

"अं? हो हो. बघतो ना," सर म्हणाले आणि जमिनीकडे बघू लागले.

बाई चार दिवस थांबल्या. मग दादासाहेबांकडे गेल्या. दादासाहेब चिखलात लोळत होते.

"बाई, तुम्ही अजिबात काळजी करू नका," ते म्हणाले. "आपल्या घरचंच काम हाय. बैठकीत घेऊ."

बैठक झाली. दादासाहेब होते, शिंगाडे सर होते, आणि पालक संघाच्या वतीनं हरिणीबाई होत्या. हरिणीबाईंची मुलगी चिंगी शाळेत होती. चिंगी म्हणजे नुकते ठिपके उमटलेलं पाडस. तळेकरबाईंनाही बोलावलं होतं, पण बसायला जागा दारात दिली. झाडाला दार कुठलं, असं विचारू नका. बैठकीला बोलावलेल्या नोकराला जिथं बसवतात तिथं दार असतं.

"तर मंडळी," दादासाहेब म्हणाले, "पहिला सवाल असा, की मांडी कुणाची?"

सगळ्यांनी आपापले पाय पोटाखाली घेतले.

"हे बघा, आम्ही फी भरतो," हरिणीबाई म्हणाल्या. "दर महिन्याला गवताची पेंढी देतो. त्या पेंढीत सगळं आलं. उद्या तुम्ही म्हणाल, फळ्याला खडू लागतो, शेपूट द्या."

"संस्थेचं म्हणाल," दादासाहेब म्हणाले, "तर संस्था ना नफा ना तोटा या तत्त्वावर चालते. मांडी गेली म्हणजे तोटाच की हो. तत्त्वात बसत न्हाई."

शिंगाडे सर जमिनीकडे बघत म्हणाले, "पण... बाईंना आपणच बोलावलं."

"बोलावलं. पण आणलं का?" दादासाहेबांनी मांडीवर पाय आपटला, म्हणजे स्वतःच्याच. "उचलून आणलं आपण? त्या स्वतःच्या पायांनी आल्या. पाय त्यांचे, काम त्यांचं, पगार त्यांचा. मग मांडीबी त्यांचीच. ज्याला परमुलखात जाऊन काम करायचं, त्यानं आपलं आपण बघावं. जगात सगळीकडं हाच नियम हाय."

"बरोबर," हरिणीबाई म्हणाल्या.

तळेकरबाई दारातून म्हणाल्या, "दादासाहेब, मला पायच दोन आहेत. त्यातला एक दिला तर मी पोहायला शिकवू कशी?"

"एक राहतोय की," दादासाहेब म्हणाले.

हे ते अगदी प्रेमानं म्हणाले. दादासाहेब कधी रागावून बोलत नसत.

बाईंनी शिंगाडे सरांकडे पाहिलं. सरांनी एकदा आपल्या मांडीकडे पाहिलं आणि मग आपल्या घराच्या दिशेनं पाहिलं. मग पुन्हा जमीन. शिंगाडे सर वाईट नव्हते. मला अशाच लोकांचा जास्त राग येतो. वाईट माणसाला निदान वाईट म्हणता येतं. ह्यांना काय म्हणायचं?

"तर असं ठरलं," दादासाहेब म्हणाले, "की विषय महत्त्वाचा असल्यामुळं पुढच्या बैठकीत बघून घेऊ."

*

पण शिंगाडे सरांना त्यानंतर गवत गोड लागेना. ते एकदा परवाना कार्यालयात जाऊन आले. कार्यालय म्हणजे एक वारूळ आणि त्याच्यावर बसलेला एक तरस. तरस नेहमी हसत असे. त्याच्या हसण्यावरून काम होणार की नाही, ते कुणालाच कळत नसे.

"शिक्षकांना काही सवलत वगैरे?" सरांनी विचारलं.

"आहे ना," तरस म्हणाला. "शिक्षकांसाठी कुठलीही मांडी चालते. उजवी किंवा डावी."

"आणि परवाना एकदा काढला की चार महिने चालतो ना?"

"वास आहे तोपर्यंत चालतो. पाण्यात गेला की वास जातो. वास गेला की परवाना गेला. मग नवी मांडी."

"पण त्या पोहायला शिकवतात!"

"मग पोहायला शिकवणाऱ्यानं भिजू नये," तरस म्हणाला आणि खूप हसला.

शिंगाडे सर परत आले आणि त्यांनी हे दादासाहेबांना सांगितलं. त्यांना वाटलं, दादासाहेब आता महाराजांकडे जाऊन भांडतील. दादासाहेबांचा चेहरा तर उजळला.

"म्हंजे बाई भिजल्या न्हाईत तर प्रश्नच मिटला!" ते म्हणाले. "कोरड्यात राहिल्या तर ते काम कसलं? त्या पाहुण्या, पोरांशी गप्पा मारतात. पाहुण्यांना परवाना लागत न्हाई. मास्तर, तुमच्या डोक्यावर नुसती शिंगंच न्हाईत, आतबी कायतरी हाय."

अशा रीतीनं पोहण्याचे वर्ग नदीकाठच्या वाळूत सुरू झाले.

तुम्हांला गंमत वाटते ना? मुलांनाही वाटली. सगळी मुलं वाळूत पोटावर पडायची आणि हातपाय मारायची. ससे, हरणं, माकडं, महाराजांचा बछडासुद्धा. धुळीचे लोट उठायचे. बाई काठावर उभ्या राहून सांगायच्या, "मान वर. पाय लांब. श्वास धरा." तरस वारुळावरून बघत असायचा. बाईंचं एक बोट जरी पाण्याला लागलं तरी तो उभा राहायचा.

दादासाहेबांनी परीक्षा घेतली. सगळी मुलं पहिल्या वर्गात पास झाली. एक माकड वाळूत एवढं वेगानं पोहलं, की त्याचं पोट सोललं. त्याला विशेष बक्षीस मिळालं. शाळेच्या बाहेर पाटी लागली, "येथे परदेशी शिक्षिकेकडून पोहणे शिकवले जाते." प्रवेशासाठी रांग लागली. शेजारच्या जंगलातला करकोचासुद्धा पाटी बघून गेला म्हणतात.

बाईंचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. त्यांना माहीत होतं, यातलं एकही पोर पाण्यात टिकणार नाही. त्या पुन्हापुन्हा दादासाहेबांकडे जात. "एकदा तरी त्यांना पाण्यात उतरवू द्या. वणवा जवळ आलाय. माझा परवाना काढा, मी पाया पडते."

"बाई, निकाल शंभर टक्के लागलाय," दादासाहेब म्हणत. "आता पाण्यात घालून कशाला बिघडवता?"

एकदा चिंगीनं विचारलं, "बाई, पाणी कसं लागतं?"

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. तरस डुलकी घेत होता. बाईंनी मान लांब केली, नदीतून चोचभर पाणी घेतलं आणि चिंगीच्या नाकावर हळूच सोडलं. चिंगी शिंकली. मग घाबरली. मग म्हणाली, "अजून."

त्या दिवसापासून बाई रोज तरसाला डुलकी लागायची वाट बघत. मग चोचीचोचीनं पाणी आणून मुलांच्या नाकावर सोडत. "घाबरायचं नाही. नाकात गेलं तर फुंकर मारायची. पाणी आपल्याला बुडवत नाही रे. आपण घाबरतो, म्हणून बुडतो." याला काम म्हणायचं की गप्पा, ते कायद्यात नव्हतं. पण बाईंची पिसं भीतीनं उभी राहत. परक्या मुलखात चोचभर पाण्यासाठी जीव मुठीत धरावा लागावा, याचं मला फार वाईट वाटतं. चेष्टेत सांगतोय म्हणून मला वाईट वाटत नाही, असं समजू नका.

*

आणि मग वणवा लागला.

भर दुपारी लागला. वारा नेमका नदीकडे वाहणारा. सगळं जंगल धावत काठावर आलं. मागं आग, पुढं पाणी. अर्जुनाचं झाड असायचं तिथं आता नुसता प्रवाह होता.

"आधी तुम्ही," दादासाहेब हरिणीबाईंना म्हणाले.

"नाही नाही, अध्यक्षांचा मान," हरिणीबाई म्हणाल्या. महाराज सगळ्यांच्या मागं उभे होते आणि शेपूट सांभाळत होते.

मुलांनी सवयीप्रमाणे वाळूत पोटावर पडून हातपाय मारायला सुरुवात केली.

ते बघून तळेकरबाईंना राहवलं नाही. त्या सरळ पाण्याकडे निघाल्या. तरस वाटेत उभा राहिला. एवढ्या धुरातही तो हसत होता. "बाई, पाण्यात उतरलात तर ते काम धरलं जाईल. पाहुणेपण संपलं. पलीकडे निघालात की..." त्यानं जिभल्या चाटल्या.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाण्यात उडी घेतली.

त्यांना भीती वाटली नसेल असं समजू नका. आईची आठवणही आली. पण मुलं वाळूत पोहत होती आणि आग मोहाच्या झाडापर्यंत आली होती.

"मुलांनो, माझ्यामागे!" त्या ओरडल्या. "मान वर, पाय लांब! नाकात गेलं तर फुंकर मारा! प्रवाहाशी भांडू नका, तो नेईल तसं तिरकं जायचं!"

पहिली उडी चिंगीनं मारली. ती बुडाली, वर आली, शिंकली आणि तरंगली. मग सगळीच मुलं धबाधब उतरली. मुलं गेली म्हणून आयांनी उड्या मारल्या. आया गेल्या म्हणून बापांना उडी मारावी लागली. शिंगाडे सर उतरले आणि दादासाहेबांनी मागून त्यांच्या शिंगांना मिठी मारली. एवढ्या वर्षांत ती शिंगं पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली. शेवटी महाराज उतरले, डोळे घट्ट मिटून. विसरलेलं पोहणं अंगाला हळूहळू आठवत गेलं. बाई पुढं, मागं सगळं जंगल, आणि मधे चिंगीचा आवाज, "बाई, पाणी छान लागतं!"

कुणी बुडालं नाही. पण प्रवाहानं सगळ्यांना खाली ओढत नेलं. बेट केव्हाच मागं राहिलं. खूप खाली, एका अनोळखी काठावर सगळे लागले.

हरिणीबाईंनी चिंगीला आधी चाटलं, मग धपाटा घातला, मग पुन्हा चाटलं. त्यांनी तळेकरबाईंकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना शब्दच सुचेनात.

तरसाला मात्र सुचले. त्यानं अंग झाडलं आणि बाईंना हुंगलं. "परवाना नाही. काम केलंत. साक्षीदार म्हणाल तर सगळं जंगल आहे."

महाराजांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ते एक पाऊल पुढं आले. बाई उथळ पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी दादासाहेबांकडे पाहिलं. दादासाहेब अंगावरचं पाणी झटकत होते. हरिणीबाईंकडे पाहिलं. त्या चिंगीचे कान पुसू लागल्या. शिंगाडे सर वाळूकडे बघत होते. इथली वाळू वेगळ्या रंगाची होती, एवढंच.

बाईंना भीती वाटत होती. पण राग त्याहून जास्त आला होता.

"बाईंना खायचं नाही!" चिंगी मधे येऊन ओरडली. महाराजांचा बछडाही तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"पोरांनो, बाजूला व्हा," दादासाहेब समजुतीनं म्हणाले. "कायद्याचं काम हाय. बाईंनी आपलं आपण बघायला पाहिजे होतं."

*

"वास दाखवा."

हा आवाज मागून आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. काठावर एक मुंगूस उभं होतं. अंग ताठ, मिशा विंचरलेल्या. बघताक्षणी कळावं, की हे सरकारी आहे.

"कसला वास?" महाराज गुरगुरले. "मी राजा आहे!"

मुंगसानं त्यांना जवळ येऊन हुंगलं. "तुमच्या अंगाला तर कसलाच वास नाही. नुसती ओली मांजर." महाराजांनी स्वतःची मान हुंगून पाहिली. खरंच नव्हता. सगळा नदीत गेला होता.

"हे वाघीणसरकारांचं जंगल आहे," मुंगूस म्हणालं. "इथं त्यांचा वास लागतो. तुम्ही सगळे परके. इथं चरणार म्हणजे काम करणार. परवाना काढा. डोई एक मांडी."

सगळ्यांनी पाय पोटाखाली घेतले.

पहिले भानावर आले ते दादासाहेब. "साहेब, जरा ऐकून घ्या," ते हात जोडून म्हणाले. "आम्ही काय हौसेनं आलो का? आम्हांला आणलं. ह्या बाईंनी आणलं. 'माझ्यामागे या' असं मोठ्यांदा म्हणाल्या, सगळ्यांनी ऐकलंय. आता ज्यानं आणलं, त्यानंच परवान्याचं बघायला नको का? परमुलखात आलेल्या गरिबानं कुठून आणायची मांडी? काही माणुसकी हाय का न्हाई? जगात सगळीकडं हाच नियम हाय."

"बरोबर," हरिणीबाई म्हणाल्या.

मुंगूस बाईंकडे वळलं. "आणि तुमचा परवाना?"

"तोच तर नाही!" तरस उत्साहानं म्हणाला.

मुंगसानं नदीकडे पाहिलं. "त्या पाण्यात उभ्या आहेत. पाणी वास धरत नाही, म्हणून पाणी कुणाच्या हद्दीत येत नाही. पाण्यात काम करणाऱ्याला परवाना लागतच नाही. तुमच्याकडे लागतो का?"

तरसाचं हसू पहिल्यांदाच बंद पडलं. त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"आणि मुलांचं काय?" बाईंनी विचारलं.

"मुलं काम करत नाहीत. मुलं शिकतात. त्यांना काही लागत नाही," मुंगूस म्हणालं. "मोठ्यांचं मात्र सांगा. यांना तुम्ही आणलंत? यांच्या परवान्याचं तुम्ही करणार?"

सगळं जंगल बाईंकडे बघू लागलं. दादासाहेब तर असे बघत होते, जशी काही आपली धाकटी बहीणच माहेरपणाला आली आहे. शिंगाडे सरांनी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा. सगळ्यांना वाटलं, आता सर काहीतरी बोलणार. सर म्हणाले, "सभेला पुरेशी उपस्थिती आहे का?" आणि मान पुन्हा खाली गेली.

तळेकरबाईंनी पंख झटकले. त्या गोड हसल्या.

"परवान्याचं?" त्या म्हणाल्या. "बघून घेऊ."

आणि मुलांना म्हणाल्या, "चला रे. कालचा धडा राहिलाय. आता पाण्यात." सगळी मुलं किंचाळत पाण्यात उतरली. वाळूत पोट सोलून घेतलेलं माकड सगळ्यांत पुढं होतं. चार महिने भरले की डोंगर चढून आईकडे जायचं, तोवर इथंच शिकवायचं, असं बाईंनी मनात ठरवून टाकलं.

काठावर मुंगसानं दादासाहेबांना हुंगायला सुरुवात केली. दादासाहेबांच्या मांड्या चांगल्या भरलेल्या होत्या. मुंगसाला त्या आवडल्या.

"अहो साहेब, अहो, मांडी दिली तर मी चालू कसा?" दादासाहेब ओरडले.

"तीन राहतात की," मुंगूस म्हणालं. तेही अगदी प्रेमानं.

मग काठावर तातडीची बैठक बसली. पहिला सवाल असा होता, की मांडी कुणाची. संस्था म्हणाली पालकांची, पालक म्हणाले महाराजांची, महाराज म्हणाले पद्धत तशी नाही. बैठक अजून चालू आहे म्हणतात. वाघीणसरकार स्वतः येऊन एका दगडावर बसल्या आहेत आणि शांतपणे ऐकत आहेत. त्यांना अजिबात घाई नाही.

तात्पर्य : मुलांनो, पोहायला कधीही शिकू नये. पोहता आलं की आपण एखाद दिवशी परक्या काठाला लागतो, आणि तिथं आपलेच नियम आपल्या आधी पोहोचलेले असतात.